काकूंची ओळ

मावशीने मनातल्या मनात हिशेब मांडला तेव्हा जमेच्या बाजूला एक अख्खी खोली होती आणि खर्चाच्या बाजूला संध्याकाळचा अर्धा तास. एवढ्यावर नको म्हणणारी बाई एक तर साध्वी असते, नाहीतर तिचं स्वतःचं घर असतं. मावशी दोन्हींपैकी काहीच नव्हती.

खोली तळमजल्यावरची. रस्त्याकडे दोन मोठ्या खिडक्या, स्वतंत्र दार, दुपारपर्यंत आत ऊन. आणि मावशीचं शिलाई मशीन त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि सिंक यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कित्येक वर्षं अंग चोरून उभं. तिथे बसून ती लोकांच्या पँटी आखूड करी, चेनी बदली, कोटांना अस्तर लावी. गिऱ्हाईक कपडा घालून बघायला बाथरूममध्ये जाई आणि मोजे ओले करून बाहेर येई. एका वकीलबाईंनी तर कोट परत पाठवला होता, कांद्याचा वास येतो म्हणून. "बरोबर आहे, भर कोर्टात न्यायाधीश रडायला लागायचे," असं भावजी म्हणाले आणि एकटेच हसले. भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, बस चालवत. दिवसभर पाठीमागे माणसं घेऊन हिंडायचं आणि बोलायचं कुणाशी नाही, त्यामुळे त्यांचे विनोद घरी आल्यावर बाहेर पडत.

मावशी ती कुणाची, तर ताईच्या मुलीची. मुलगी शिकायला परगावी गेली, पण जाताना हाक जिन्यातच ठेवून गेली. ती इमारतभर रुजली. चाळिशीसुद्धा न गाठलेल्या बाईला सत्तरीचे गृहस्थ मावशी म्हणत आणि ती निमूट ओ देई.

खोलीचे मालक अशांपैकीच एक. दंतवैद्यांना कवळ्या बनवून देण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून ते कवळीवाले काका. रस्त्यात कुणी हसलं की काका आधी दात बघत, मग माणूस. "या गल्लीतलं निम्मं हसू मीच घासून गुळगुळीत केलंय," ते म्हणत, "माझा कसा विश्वास बसायचा त्याच्यावर?" काकू गेल्यापासून मात्र ते कुणाकडेच बघेनासे झाले होते.

एक दिवस ते पँट घेऊन वर आले.

"आखूड करायचीय, मावशी. पँट वाढली नाही, मीच लहान झालोय."

मावशीने माप घेतलं. काका फ्रिजला टेकून उभे राहिले, कारण दुसरीकडे उभं राहायला जागाच नव्हती. त्यांनी मशीनकडे पाहिलं, सिंककडे पाहिलं.

"खालची पुढची खोली तुम्हाला देऊन टाकतो," ते म्हणाले. "बदल्यात रोज दिवे लागायच्या वेळी माझ्याबरोबर युकुलेले वाजवायचं. शिकवतो मी. सोपं असतं."

ताई ओट्यापाशी होती. काका जिना उतरेपर्यंत तिने कशीबशी जीभ आवरली.

"म्हातारा पाघळलाय. काकूची जागा भरायला निघालाय तो."

"अर्धा तासच भरायचीय," मावशी म्हणाली. "बाकीचे साडेतेवीस तास खोली माझी."

"आणि त्याने हात धरला म्हणजे?"

"धरेलच की. शिकवणार कसा नाहीतर?"

"तुला ना, लाज म्हणून काही दिलीच नाही आईने. सगळी मलाच दिली."

"तुलाही कमीच पडली, ताई."

दोघी हसल्या. त्यांचं प्रेम असंच होतं, खरखरीत. टोमणा मारला नाही तर समोरची आजारी आहे की काय अशी शंका यायची.

*

युकुलेले म्हणजे गिटारचं पिल्लू. चार नायलॉनच्या तारा, कुशीत घेतलं तर तान्ह्या मुलाएवढं. काकांकडे दोन होती. एक काळपट तपकिरी, त्यांचं. दुसरं फिकट, हिरव्या पट्ट्याचं, काकूंचं. पहिल्या दिवशी मावशीने आपण होऊन फिकट वाद्याला हात घातला. ज्याची जागा भरायची त्याचंच सामान उचलावं, हा तिचा सरळ हिशेब. काकांनी ते हळूच काढून घेतलं आणि तपकिरी तिच्या हातात दिलं. बरोबरच आहे, तिला वाटलं, बायकोच्या वस्तूला परका हात नको वाटत असेल. माणूस सभ्य आहे.

सुरांची इंग्रजी अक्षरं काकांना पाठ होती, पण त्यांनी आणि काकूंनी आपापसात वेगळीच नावं पाडली होती. सगळ्यात खालच्या तारेवर एकच बोट टेकवायचं ती एकबोटी. दोन तारांवर दोन बोटं ती दोनबोटी. तीन बोटांचा छोटा त्रिकोण ती तीनबोटी. "एवढ्यावर माणसाचं आयुष्य निघतं," काका म्हणाले. "आमचं निघालं."

दोघांनी हे खूळ उतारवयात घेतलं होतं. एका बोटावरून दोन बोटांवर जायला दोघांनाही वेळ लागे आणि तोवर गाणं पुढे निघून जाई. मग काकूंनी शक्कल काढली. पहिली ओळ काकांनी वाजवायची. तेवढ्यात काकूंनी पुढच्या ओळीची बोटं लावून तयार बसायचं. दुसरी ओळ काकूंची. तेवढ्यात काकांनी बोटं लावायची. होडीचं गाणं, कावळ्याचं गाणं, बाळाला झोपवायचं गाणं, सगळी अशीच वाटून घेतलेली. शिकाऊ माणसाची चलाखी होती ती, पुढे सोडून द्यायची. त्यांनी सोडली नाही. अख्खं गाणं दोघांपैकी एकालाही कधी आलं नाही.

मावशीला पहिली ओळ आठवड्याभरात जमली. बोटांची टोकं दुखली, पण सुया टोचून घेणाऱ्या बोटांना त्याचं काय. ती पहिली ओळ वाजवी, काका फिकट वाद्यावर दुसरी. फक्त दर वेळी दोनबोटी आली की काकांना उशीर होई. एक ठोका रिकामा जाई, त्यांचा पाय जमिनीवर थांबून राही, आणि मग सूर येई. गाणं तिथे लंगडायचं. वयामुळे होत असेल म्हणून मावशीने सोडून दिलं.

दरम्यान मशीन खाली आलं. कापायचं टेबल आलं, उभा आरसा आला, कपडे बदलायला पडदा लागला. वकीलबाई नवा कोट घेऊन स्वतः आल्या आणि आरशासमोर दोनदा फिरल्या. मावशीने दाराच्या काचेवर पाटी रंगवून घेतली. त्या रात्री तिला झोप आली नाही, इतकी ती खूश होती.

*

मग एका संध्याकाळी काकांनी फिकट युकुलेले वाजवायला घेतलंच नाही. त्यांनी ते दोन खुर्च्यांपैकी खिडकीजवळच्या खुर्चीच्या वर, भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं.

"आता तुम्ही एकट्या. पहिली ओळ वाजवा. मग थांबा. मग तिसरी."

"थांबायचं कशाला? दुसरीपण शिकते की मी. ऐकून ऐकून येतेच आहे."

"ती तुमची नाही."

"मग कुणाची?"

काकांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण बघणाऱ्याने उगाच मागे वळून बघावं असं.

"मावशी, तुम्हाला वाटलं मला काकूची जागा भरायला कुणी हवंय. सगळ्यांनाच वाटलं. तुमच्या बहिणीचं बोलणं जिन्यात ऐकू येतं हो." ते किंचित हसले. "मला कुणी नको. माझी जागा भरायला कुणीतरी हवंय. मी काही फार दिवस नाही. ती रोज या वेळी येऊन बसते, तिला एकटीला सोडून कसा जाऊ? तिला पहिली ओळ येत नाही ना."

मावशीची नजर गेली ती टेबलाकडे, आरशाकडे, खुंटाळ्यावर ओळीने लटकणाऱ्या कोटांकडे.

"आणि तो उशीर? दोनबोटीला?"

"तो तिचा. दारात चिमटलेलं बोट, तिला वाकवायला वेळ लागायचा. मी तुम्हाला सवय लावून दिली. तिथे घाई करू नका, ती बिचकते."

दुःखाने म्हातारा भ्रमला आहे, असं मावशीने ठरवलं. भ्रमलेल्या माणसाचा शब्द राखला तर पुण्य, आणि खोलीही राहते. तिने होडीच्या गाण्याची पहिली ओळ वाजवली आणि थांबली.

काका वसंताच्या सुरुवातीला गेले, झोपेत, कवळी पेल्यात व्यवस्थित ठेवून. त्यांच्या मुलीचा परदेशातून फोन आला. तिचा आवाज रडून बसलेला होता.

"खोली तुमचीच म्हणालेत बाबा. जोवर रोज वाजवाल तोवर. ऐकायला विचित्र वाटतं, माहितीये मला... पण तेवढं कराल? मी त्यांना शब्द दिलाय. नसेल जमत तर किल्ली शेजारी ठेवून द्या, मी राग धरणार नाही."

"वाजवीन की," मावशी म्हणाली. "माझं काय जातंय?"

*

रोज दिवे लागले की ती मशीन बंद करी आणि आपली ओळ वाजवी. मग थांबे. रिकाम्या ओळीत रस्त्यावरची पावलं ऐकू येत, वरच्या नळाचं पाणी ऐकू येई. मग तिसरी ओळ.

सुरुवातीला थांबणं म्हणजे नुसतं थांबणं होतं. पुढे त्याला वजन आलं. समोर कुणी श्वास धरून बोटं लावत असेल तर जसं आपण थांबतो, तसं. दोनबोटीच्या जागी मावशीचा पाय आपोआप एक ठोका जास्त उचललेला राही. एकदा तिने मुद्दाम दुसरी ओळही स्वतःच वाजवून बघितली. बोटांना ती वाट माहीत होती, कानांना तर ती पाठच झाली होती. पण हात तारांवर गेला आणि तिथेच राहिला, दुसऱ्याच्या ताटात चुकून हात जावा आणि लक्षात यावं तसा.

एके दिवशी कामाच्या गडबडीत वाजवायचं राहिलं. काहीच झालं नाही. फक्त त्या वेळेपासून तिची शिवण बिघडली: चार टाके सरळ, मग एक मोकळा. उसवून पुन्हा घातली तरी तसंच. शेवटी ती उठली, खिडकीजवळच्या खुर्चीला म्हणाली, "बरं बाई, चुकलं," आणि वाद्य घेतलं. बोलून झाल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. हसू फार टिकलं नाही.

ताई खाली आली ती टोमणे मारायला. वर स्वयंपाकघर मोकळं झालं होतं, पण बोलायला कुणी उरलं नव्हतं. तिने मावशीची ओळ ऐकली, थांबणं ऐकलं, पुन्हा ओळ ऐकली.

"हे काय गं? अर्धवट गाणं आणि मधे मौनव्रत?"

"काकूंची ओळ आहे ती."

"काकूंची! काकू गेल्या, काका गेले, आता तुझं डोकंही गेलं." ती खिडकीजवळच्या खुर्चीत धपकन बसली आणि भिंतीवरचं फिकट युकुलेले उतरवून घेतलं. "आण इकडे. या रिकाम्या जागेचा मला त्रास होतो. दात पडल्यासारखं वाटतं."

"ताई, ठेव ते."

"का? तुझ्या बापाचं आहे?"

"आपला बाप एकच आहे."

"मग झालं तर. वाजव तुझी ओळ."

ताईने आयुष्यात शिटीसुद्धा वाजवली नव्हती. मावशीने ओळ वाजवली, आता ती काहीतरी खरवडेल आणि हसून ठेवून देईल असं समजून. ताईने एक बोट लावलं. बरोबर जागी. मग दोन बोटं लावायला गेली, तर तिचं पहिलं बोट, एरवी कणीक बुक्क्यांनी मळणारं धडधाकट बोट, मधेच आखडलं. एक ठोका रिकामा गेला. मावशीचा पाय वर राहिला. मग सूर आला, गोड, स्वच्छ.

"सोपं आहे की!" ताई म्हणाली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा खुलला होता.

मावशीने तिला विचारलं नाही, तुला कुणी शिकवलं. काही प्रश्न माणूस विचारत नाही, कारण उत्तर दिलं जाईल अशी भीती असते.

*

ताई रोज येऊ लागली. आणि मावशीने हेही जमेलाच धरलं: शिवण सरळ आली, थांबण्याचं वजन उतरलं, आणि ताईचे टोमणे कमी झाले. आधी कमी, मग बंद. नफाच नफा.

मग एकदा ताई म्हणाली, "ही खिडकी उघडी ठेवत जाऊ नका, धूळ येते."

नका. जन्मात ताई तिला 'अगं'च्या वर बोलली नव्हती. मावशीने थट्टा समजून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात बाळाच्या गाण्यात मावशीची ओळ जरा पळाली, तेव्हा ताईने मान वर न करता, सवयीने, लाडाने म्हटलं, "अहो, जरा हळू."

मावशीचा हात तारांवरच थिजला. ताई दुसऱ्या ओळीची बोटं लावून, तयार, तिची वाट बघत होती.

भावजी आले ते बसच्या गणवेशातच, ड्यूटी संपवून थेट. त्यांनी दार लोटून घेतलं, मापाच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ त्यांना विनोद सुचला नाही.

"तुझी बहीण मला पाणी देते," ते म्हणाले.

"मग?"

"पाहुण्याला देतात तसं. खुर्ची पुढे करते. 'बसा ना' म्हणते. काल मला विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "डॉक्टरांकडे नेलं. सगळं ठीक आहे म्हणाले. तिथे ती हसली तर मी तिचे दात बघत बसलो, तिचेच आहेत का म्हणून. सकाळी थोडा वेळ माझी असते, मला गाढव म्हणते, बरं वाटतं. ऊन उतरलं की जाते."

मावशीने टेबलावरची कात्री सरळ करून ठेवली.

"वर चल," भावजी म्हणाले. "किल्ली परत कर. मी फ्रिज काढून आमच्या खोलीत नेलाय, तुझ्या मशीनला दुप्पट जागा झालीय. खिडकी नाही, माहितीये. पण हे बंद कर. ही खोली बंद झाली की ती कुठे जाईल? घरीच येईल ना?"

"शाळेचे गणवेश आलेत शिवायला," मावशी म्हणाली. "एवढे उरकते. मग बघू."

भावजींनी मान हलवली. माणूस थांब्यावर थांबायला शिकलेला होता.

गणवेश उरकले. मावशीने विचार केला नाही असं नाही. एका संध्याकाळी तिने तपकिरी युकुलेले कपाटात घातलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली, खोलीची किल्ली, टेबलावर समोर ठेवली. शेजारच्या दारात नेऊन ठेवायची, दहा पावलांचं काम.

दिवे लागले. ताई आली, खुर्चीत बसली, फिकट वाद्य कुशीत घेतलं.

"अहो, आज बसायचं नाही का?"

मावशी हलली नाही. रस्त्यावरून गाडी गेली, तिचा उजेड भिंतीवरून सरकला. ताईची बोटं तारांवर टेकली, उचलली, टेकली. मग तिचा चेहरा चुरगळला आणि आतून, फार खालून, विहिरीतून आल्यासारखा तिचा खरा, खरखरीत आवाज आला.

"बये, मला वर ने गं. मला ही ओळ येत नाही."

मावशी उठली. ती उठली हे खरं आहे. तिने ताईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच वेळी तिला आरशात सगळी खोली दिसली. टेबल, पडदा, ओळीने कोट, दाराच्या काचेवरची, आरशात सुलट झालेली पाटीची अक्षरं. आणि त्या मागे, कुणी न दाखवताही, तिला ते स्वयंपाकघर दिसलं, त्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली एक बाई, म्हातारी होईपर्यंत दुसऱ्यांच्या पँटी आखूड करणारी.

तिने खांद्यावरचा हात काढला. कपाट उघडलं. एक बोट टेकवून होडीच्या गाण्याची पहिली ओळ वाजवली, आणि थांबली.

ताईचा चेहरा सुरकुती काढल्यासारखा सपाट झाला. पहिलं बोट आखडलं. एक ठोका गेला. सूर आला.

आता रोज संध्याकाळी गाणं पूर्ण होतं. गिऱ्हाईकं दारात थांबून ऐकतात, कौतुक करतात, दोघी बहिणींचं किती छान जमतं म्हणतात. मावशी मान डोलावते. भावजी हल्ली खाली येत नाहीत. येताजाता पाटी वाचतात आणि जिना चढतात.

हिशेब तसा चोख बसला. काकांचा शब्द राहिला. काकूंना सोबत मिळाली. मावशीला खोली मिळाली. आणि किंमत चुकती केली ती, सौदा ठरला तेव्हा ज्यांना कुणी विचारलंही नव्हतं, त्या दोघांनी: एकीने स्वतःला देऊन, आणि एकाने स्वतःच्याच घरात पाहुणा होऊन.